थांबलेल्या गाडीचा हिशेब

टॅक्सीत बसलं की चालकाला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. किती वर्षं चालवताय, गाडी स्वतःची की मालकाची, दिवसाकाठी किती सुटतात. मी अलीकडे दुसराच प्रश्न विचारते: माझ्या आधीचं भाडं सोडल्यावर किती वेळ रिकामे होतात? समोरचा माणूस आधी आरशातून बघतो, कारण हे सहसा कुणी विचारत नाही. मग मोकळेपणाने बोलतो. कमाई सांगताना माणूस हातचं राखून सांगतो, थांबण्याचं सांगताना राखत नाही. गाडी कुठे लावली होती, तिथून कुणी हुसकावलं, बुकिंग आलं तेही किती लांबचं, तिथवर गेल्यावर गिऱ्हाइकाने कसं रद्द केलं, सगळं ओघाने येतं.

ही उत्तरं ऐकत गेले तशी एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. टॅक्सीच्या धंद्याबद्दल बोलताना आपण भाड्याचे दर काढतो, कमिशनचे टक्के काढतो, ॲप चांगलं की वाईट यावर वाद घालतो. पण या धंद्याचा कणा आहे रिकामा वेळ. तो कमी कसा करायचा आणि उरलेला कुणाच्या अंगावर टाकायचा, याच दोन प्रश्नांपायी साडेतीनशे वर्षं कायदे होत आले, माणसं कर्जबाजारी झाली आणि अब्जावधी डॉलर खर्ची पडले.

टॅक्सीवाला विकतो ती गाडीची आणि स्वतःची मिनिटं. हा माल साठवता येत नाही. सकाळची भाजी संध्याकाळी पडत्या भावात तरी जाते, सकाळचा रिकामा तास संध्याकाळी फुकटही कुणी घेत नाही. तरीही रिकामा वेळ शून्यावर आणता येत नाही, आणूही नये. शहरातली प्रत्येक टॅक्सी भरलेली असेल तर हात करणाऱ्याला गाडी मिळणारच नाही. कुणीतरी रिकामं आहे म्हणूनच दुसऱ्या कुणाला गाडी पटकन मिळते. एकतर तुम्ही थांबा, नाहीतर तो थांबेल. दोघांनीही थांबायचं नाही, असं कोणत्याही शहरात जमलेलं नाही.

ॲप येण्याआधी हा वेळ फार वाया जायचा, आणि त्याचं कारण साधं होतं. गाडी आणि गिऱ्हाईक एकमेकांना दिसत नसत. एका गल्लीत माणूस ताटकळत उभा आणि दोन गल्ल्या पलीकडे गाडी रिकामी फिरतेय. फोन करून गाडी मागवण्याची सोय होती, पण फोन घेणाऱ्यालाही या क्षणी कोणती गाडी कुठे आहे हे नेमकं ठाऊक नसे. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गॅरेट कॅम्प आणि ट्रॅव्हिस कॅलनिक यांनी उबर काढली. २०१२ मध्ये लिफ्ट ही तशीच दुसरी कंपनी आली. चीनमध्ये दीदी, आग्नेय आशियात ग्रॅब, भारतात ओला. या सगळ्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर हे आंधळेपण घालवलं, आणि ते काम खरोखर मोठं आहे. जड क्रेमर आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या शहरांची आकडेवारी तपासली. टॅक्सीच्या तुलनेत उबरएक्सच्या (उबरच्या साध्या, स्वस्त सेवेच्या) गाडीत प्रवासी बसलेला असण्याचं प्रमाण, वेळेत मोजलं तर सरासरी ३० टक्क्यांनी आणि अंतरात मोजलं तर ५० टक्क्यांनी जास्त निघालं. तीच गाडी, तेच पेट्रोल, तोच माणूस, पण काम जास्त. अशी सुधारणा अर्थव्यवस्थेत क्वचित होते.

माझ्या वडिलांना गुडघ्यांमुळे रस्त्याच्या कडेला उभं राहणं जमेनासं झालं तेव्हा या सुधारणेचा अर्थ मला घरात कळला. आधी प्रत्येक गाडीला हात करायचा, वाकून ‘येणार का’ विचारायचं, नकार ऐकायचा, पुन्हा सरळ व्हायचं. त्यात त्यांना गुडघ्यापेक्षा नकार जास्त दुखायचा. आता गाडी दारात येते आणि कुठे जायचं हे तिला आधीच माहीत असतं. रात्री उशिरा एकटीने परतणाऱ्या बाईला चालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि नकाशावर सरकणारा ठिपका यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. ॲपवर टीका करताना हे सगळं वजा करणाऱ्यांशी माझं पटत नाही. उबरच्याच आकडेवारीवर काही अर्थतज्ज्ञांनी (‘फ्रीकॉनॉमिक्स’वाले स्टीव्हन लेविट त्यांत होते) हिशेब केला की २०१५ या एका वर्षात उबरएक्समुळे अमेरिकेतल्या प्रवाशांना, दिलेल्या भाड्याच्या वर, सुमारे ६.८ अब्ज डॉलरचा लाभ झाला. म्हणजे लोक जेवढं द्यायला तयार होते त्याहून तेवढं कमी त्यांनी दिलं. हा लाभ खरा आहे. तो कुठून आला, हा पुढचा प्रश्न.

सर्ज म्हणजे वाढीव दर, या सगळ्यातली सर्वांत बदनाम गोष्ट. २०१४ च्या डिसेंबरात सिडनीतल्या एका कॅफेत बंदूकधाऱ्याने लोकांना ओलीस धरलं, माणसं त्या भागातून बाहेर पडू लागली, आणि उबरचे दर आपोआप चढले. कंपनीने नंतर पैसे परत केले, पण लोकांच्या मनातून ते गेलं नाही, आणि जायलाही नको. तरी सर्जमागे केवळ हाव आहे असं मला वाटत नाही. गाड्या कमी पडल्या की ॲप लांबलांबच्या गाड्या पाठवू लागतं. गाडीला गिऱ्हाइकापर्यंत पोचायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ ती कुणाच्याच उपयोगाची नसते, त्यामुळे मोकळ्या गाड्या आणखी कमी होतात आणि पुढचं बुकिंग आणखी लांबून घ्यावं लागतं. सगळ्या गाड्या धावताहेत, पण प्रवासी बसलेल्या थोड्याच. कास्तियो, नोफल आणि वेल या अभ्यासकांनी हा सापळा नीट उलगडून दाखवला आहे. अशा वेळी दर वाढवून काही मागणी मागे सारली नाही तर सगळ्यांचीच वाट लागते. उबर यायच्या कितीतरी आधीपासून अर्थतज्ज्ञ एका प्रश्नावर भांडत आले आहेत: पावसात टॅक्सी का मिळत नाही? १९९७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात कॅमेरर, थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की चालक दिवसाची रक्कम मनाशी ठरवतात आणि ती लवकर जमली की घरी जातात. पुढे हेन्री फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या कितीतरी मोठ्या आकडेवारीवरून दाखवलं की पावसात तासाची कमाई वाढतच नाही, कारण रस्ते तुंबतात. ज्यांनी पावसात गाडी चालवली आहे त्यांना फार्बर लगेच पटेल.

आता थोडं मागे जाते, कारण ‘खुला बाजार’ विरुद्ध ‘जुनाट परवाना’ अशी जी गोष्ट आपल्याला सांगितली जाते ती अर्धीच आहे. परवाने कुणाच्या लहरीने आले नव्हते. लंडनमध्ये क्रॉमवेलच्या राजवटीत, १६५४ साली, भाड्याने घोडागाड्या चालवणाऱ्यांची संख्या २०० वर बांधली गेली. अमेरिकेत १९१४ च्या मंदीत लॉस एंजेलिसमधल्या लोकांनी स्वतःच्या फोर्ड गाड्या ट्रामच्या मार्गांवर आणल्या आणि पाच सेंटमध्ये माणसं नेऊ लागले. त्या गाड्यांना जिटनी म्हणत. वर्षभरात देशात अशा सुमारे ६२,००० गाड्या झाल्या. स्वतःची गाडी, हवं तेव्हा काम, बेकारांना आधार: उबरच्या पहिल्या वर्षांत जे जे ऐकलं ते सगळं तेव्हाही बोललं गेलं होतं. ट्राम कंपन्यांनी दबाव आणला, नगरपालिकांनी हमी रक्कम आणि अटी लादल्या, आणि थोड्याच वर्षांत जिटनी जवळपास संपल्या. पुढे महामंदीत न्यूयॉर्कमध्ये ज्याला काम नाही तो टॅक्सी चालवायला आला. गाड्या इतक्या झाल्या की दिवसभर फिरून पोट भरेना, चालकांनी भाडी पाडली, मारामाऱ्या झाल्या, १९३४ मध्ये मोठा संप झाला. मग १९३७ चा हास कायदा आला आणि परवाने गोठले. परवान्यासोबत टॅक्सीच्या बॉनेटवर ठोकायचा धातूचा बिल्ला मिळे, त्याला तिथे मेडॅलियन म्हणतात. सुरुवातीची फी होती १० डॉलर. दुसऱ्या महायुद्धानंतर हा आकडा ११,७८७ वर स्थिरावला आणि १९९० च्या दशकापर्यंत हलला नाही.

या कायद्याने चालकाचा रिकामा वेळ कमी केला. मग तो गेला कुठे? प्रवाशाच्या अंगावर. शहर वाढत गेलं, गाड्या तेवढ्याच राहिल्या आणि पाऊस पडला, नाटक सुटलं की माणसं कोपऱ्यावर उभी. पण चालक सुखी झाला असंही नाही, आणि ही गोष्ट ॲपचे विरोधक सांगत नाहीत. टंचाईतून जो जास्तीचा पैसा आला तो बिल्ल्याच्या मालकाकडे गेला. १९७९ पासून मालकांना बिल्ला पाळीवर भाड्याने देण्याची मुभा मिळाली. चालक बारा तासांचं भाडं आधी मोजायचा, त्यावर पेट्रोल घालायचा, आणि पाळीचे पहिले कितीतरी तास केवळ ते फेडण्यात जायचे. परवाना चालकाच्या संरक्षणासाठी आला होता. दोन पिढ्यांत तो चालकाने दुसऱ्याला द्यायची खंडणी होऊन बसला.

लंडनने वेगळा रस्ता धरला, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. तिथल्या काळ्या टॅक्सींच्या संख्येवर मर्यादा नाही, पण परवान्यासाठी ‘नॉलेज’ ही परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करायचे. यात साधारण तीन-चार वर्षं जातात. मेंदूच्या अभ्यासिका एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या मेंदूत, वाटा लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. फोनमधल्या नकाशाने या विद्येची बाजारातली किंमत बरीच उतरवली, याची मला हळहळ आहे. पण विद्या विकत घेता येत नाही, गहाण टाकता येत नाही, तिच्यावर सट्टा लागत नाही. लंडनच्या चालकाचं उत्पन्न घटलं, पण बिल्ल्याच्या कर्जाने तो बुडाला नाही.

न्यूयॉर्कचा बुडाला. १० डॉलरचा तो बिल्ला २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या पुढे गेला होता. गाड्यांची कमाई त्या प्रमाणात मुळीच वाढली नव्हती. भाव चढत होता तो कर्जांवर. पतसंस्था आणि दलाल जवळजवळ काहीही न भरता कर्ज देत, बहुतेक ग्राहक दुसऱ्या देशांतून आलेले, गाडी चालवून स्वतःचा बिल्ला घ्यायचं स्वप्न बाळगणारे. आणि शहर काय करत होतं? लिलाव. टॅक्सी आयोगाच्या जाहिरातीत हा बिल्ला शेअर बाजारापेक्षा चांगली गुंतवणूक म्हणून मांडला गेला होता. मग ॲपच्या हजारो गाड्या, बिल्ल्याशिवाय, त्याच रस्त्यांवर उतरल्या. २०१८ पर्यंत भाव दोन लाखांच्या आसपास आला, कर्ज मात्र सात-आठ लाखांचं तसंच होतं. त्या वर्षी कर्ज आणि आटलेली कमाई यांच्या ओझ्याखाली न्यूयॉर्कच्या अनेक चालकांनी जीव दिला. ॲपमुळे झालं की सावकारांमुळे, यावर तेव्हा खूप लिहिलं गेलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या शोधमालिकेने, जिला नंतर पुलित्झर मिळालं, कर्ज देणाऱ्यांचा वाटा पुराव्यानिशी मांडला. माझ्या मते दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट केली: धोका त्या माणसाच्या खांद्यावर ठेवला ज्याच्याकडे गाडीच्या चाकाशिवाय काहीच नव्हतं.

२०२१ च्या ऑक्टोबरात हे चालक सिटी हॉलबाहेर उपोषणाला बसले. भैरवी देसाई यांच्या न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्सने ही लढाई वर्षानुवर्षं चालवली होती. बसलेल्यांत साठी ओलांडलेली माणसं होती, ज्याचा सख्खा भाऊ २०१८ मध्ये गेला असा एक चालकही होता. पंधराव्या दिवशी शहर आणि मुख्य कर्जदाती कंपनी नमली. कर्ज १,७०,००० डॉलरपर्यंत खाली आणायचं, महिन्याचा हप्ता १,१२२ डॉलरच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि हमी शहराने घ्यायची. त्या दिवशी रस्त्यावर नाचणाऱ्या चालकांची छायाचित्रं मी अजून जपून ठेवली आहेत. गेल्या दहा वर्षांत या धंद्यात कागदावर झालेला, आकड्यांत मोजता येणारा इतका स्वच्छ विजय मला दुसरा आठवत नाही.

आता ॲपच्या पैशांकडे. स्वस्त भाड्यांचा जो काळ आपण सगळ्यांनी अनुभवला तो बराचसा गुंतवणूकदारांच्या खिशातून आला होता. २०१६ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने उबरमध्ये ३.५ अब्ज डॉलर घातले. त्याच वर्षी चीनमध्ये वर्षाला अब्ज डॉलर गमावत असल्याचं कॅलनिक यांनी सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये तिथला धंदा दीदीला देऊन कंपनी बाहेर पडली. दोन वर्षांनी आग्नेय आशिया ग्रॅबला दिला. एकमेकांविरुद्ध पैसे ओतायचे आणि मग नकाशा वाटून घ्यायचा. २०१४ पासून २०२२ पर्यंत उबरचा धंद्यातला तोटा सुमारे ३० अब्ज डॉलर झाला, आणि पूर्ण वर्षाचा पहिला कार्यकारी नफा दिसला तो २०२३ मध्ये.

या काळात चालकांनाही भरघोस मिळत होतं. जास्त फेऱ्यांवर बोनस, नव्या माणसाला आणलं की बोनस. त्या कमाईकडे बघून लोकांनी नोकऱ्या सोडल्या, कर्जाने गाड्या घेतल्या. हे पैसे टिकणारे नाहीत हे कंपनीला माहीत होतं. २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरताना उबरने जो अर्ज दाखल केला त्यात असं म्हटलं होतं की आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी चालकांचे बोनस कमी करत नेऊ तशी त्यांची नाराजी वाढेल अशी आमची अपेक्षा आहे. गुंतवणूकदाराला हे सांगणं कायद्याने भाग होतं. गाडीचा हप्ता ठरवणाऱ्या चालकाला सांगणं कोणत्याच कायद्याने भाग नव्हतं.

आणि आता मी ज्या गोष्टीपाशी सर्वांत जास्त घुटमळते तिथे येते. चालकांची मागणी असते, भाडं वाढवा. ऐकायला अगदी रास्त. उबरच्याच अर्थतज्ज्ञांनी जॉन हॉर्टन यांच्याबरोबर अमेरिकेतल्या शहरांत झालेल्या दरबदलांचा अभ्यास केला. दर वाढवला की पहिले काही आठवडे तासाची कमाई वाढते. मग ती घसरू लागते, आणि दोनेक महिन्यांत जवळपास होती तिथे येते. दर तसाच चढलेला असतो, कमी झालेलं असतं ते काम. चांगली कमाई बघून आणखी लोक येतात, आधीचे जास्त वेळ लॉगइन राहतात, महागाईने काही प्रवासी कमी होतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला रिकामा वेळ वाढतो. प्रवाशाने जास्त दिलेला पैसा थांबण्यात विरघळून जातो.

हे वाचल्यावर मला जिटनीवाले आठवले, महामंदीतली न्यूयॉर्कची माणसं आठवली. दार सताड उघडं असलं आणि थांबण्याचे पैसे कुणालाच द्यावे लागत नसले, की नवीन माणसं येत राहतात आणि रिकामा वेळ फुगत राहतो, जोवर त्या शहरातल्या सर्वांत अडलेल्या माणसालाही हे काम परवडेनासं होत नाही. ॲपने आंधळेपण घालवून जो वेळ वाचवला त्यातला मोठा भाग असा परत थांबण्यात गेला. फरक एवढाच की आता थांबणारा प्रवासी नाही. मला तीन मिनिटांत गाडी मिळते, कारण आसपास तीन-चार जण गाडीत बसून स्क्रीनकडे बघत असतात. कंपनीला हे थांबणं हवंच असतं, कारण जवळ गाडी दिसली की मी दुसरं ॲप उघडत नाही. तिचा माल म्हणजे गाडीची जवळीक. तो माल चालकाच्या वेळातून तयार होतो, आणि त्या वेळाचे पैसे ती देत नाही.

कंपन्यांचं उत्तर असतं: पण चालक स्वतंत्र आहेत, हवं तेव्हा येतात, हवं तेव्हा जातात. हे उत्तर मी झटकत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेन, शेवालिए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उबरच्या चालकांच्या दृष्टीने वेळ स्वतः ठरवण्याला फार मोठी किंमत आहे. आजाऱ्याची शुश्रूषा करणारे, शिकणारे, दुसरी नोकरी सांभाळणारे असे कितीतरी जण मला भेटले आहेत, आणि त्यांना ठरलेली पाळी नको आहे. पण जो दिवसाचे बारा तास यातच काढतो, ज्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे, त्याचं स्वातंत्र्य म्हणजे कधी थांबायचं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य. दोघांना एकाच नियमात बसवलं की दुसऱ्याचं नुकसान पहिल्याच्या सोयीमागे लपतं.

कमिशनच्या वादात मी फार शिरत नाही. पूर्वी भाड्याचे ठरावीक टक्के कापले जात. आता बऱ्याच ठिकाणी प्रवाशाला दाखवलेला दर आणि चालकाला मिळणारी रक्कम यांचा थेट संबंधच तोडला आहे, आणि एकाच फेरीसाठी दोन चालकांना वेगळी रक्कम दिसू शकते. वीणा दुबल या कायद्याच्या अभ्यासिकेने या अल्गोरिदमच्या पगारावर विस्ताराने लिहिलं आहे. ज्याला आपल्या कामाचा भाव आधी ठाऊक नाही तो भाव करू शकत नाही, इतकं मला पुरेसं आहे. भारतात नम्मा यात्रीसारख्या ॲपनी कमिशन सोडून चालकाकडून ठरावीक रक्कम घ्यायची पद्धत आणली. तिचं मी मनापासून स्वागत केलं, कारण त्यात लपवाछपवी नाही. तरी एक लक्षात घ्यावं लागतं. ठरावीक रक्कम रिकाम्या दिवशीही जाते. थांबण्याचा धोका इथेही चालकाकडेच राहतो.

म्हणून गेल्या काही वर्षांतले मोठे खटले आणि कायदे मी एकाच ठिकाणी बोट ठेवून वाचते: थांबलेल्या मिनिटाबद्दल काय म्हटलंय? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, यासीन अस्लम आणि जेम्स फरार यांनी सुरू केलेल्या खटल्यात, एकमताने सांगितलं की चालक हे कामगार आहेत, आणि आपल्या हद्दीत ॲप चालू करून भाडं घ्यायला तयार बसलेला चालक कामावरच आहे. पुढच्याच महिन्यात उबरने किमान वेतन, सुट्टीचा पगार आणि पेन्शन जाहीर केलं, पण किमान वेतनाची मोजणी फेरी स्वीकारल्यापासून. न्यायालयाने ज्या मिनिटांना काम म्हटलं तीच नेमकी बाहेर राहिली. कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्याने या चालकांना नोकरदार मानण्याची वाट मोकळी केली होती. कंपन्यांनी प्रचारावर २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून नोव्हेंबर २०२० मध्ये प्रपोझिशन २२ हा, चालकांना त्या कायद्यातून वगळून स्वतंत्रच ठेवणारा प्रस्ताव मतदारांकडून मंजूर करून घेतला. त्यात किमान वेतनाच्या १२० टक्के देण्याची हमी आहे, ऐकायला उदार वाटते, पण तीही फेरी स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतच.

न्यूयॉर्कने मात्र या मिनिटाला भाव दिला. २०१८ मध्ये शहराने ॲपच्या नव्या गाड्यांवर बंदी घातली, आणि जेम्स पॅरट व मायकेल राइश यांच्या अभ्यासावर आधारलेला वेतनाचा नियम फेब्रुवारी २०१९ पासून लागू केला: खर्च वजा जाता तासाला किमान १७.२२ डॉलर. नियमाचं मर्म त्याच्या सूत्रात आहे. प्रत्येक मैल आणि मिनिटाचा दर गाड्या किती वेळ भरलेल्या असतात त्या प्रमाणाने भागायचा. तेव्हा ते प्रमाण ५८ टक्के धरलं होतं, म्हणजे शंभरातली बेचाळीस मिनिटं चालकाची गाडी रिकामी. रिकामा वेळ वाढला की फेरीमागे द्यायची रक्कम वाढते. पहिल्यांदाच कंपनीला जास्त गाड्या उभ्या ठेवण्याची किंमत पडू लागली. परिणाम लगेच दिसला. त्याच वर्षी कंपन्यांनी मागणी कमी असताना चालकांना लॉगइन करू देणं बंद केलं. २०२४ मध्ये तर पाळीच्या मधेच चालकांना ॲपबाहेर काढलं जाऊ लागलं, म्हणजे रिकामी मिनिटं हिशेबातच येऊ नयेत. तो माणूस गाडीतच बसलेला असतो, फक्त आता तो कोणत्याच आकड्यात नसतो. या पळवाटेचा मला संताप येतो, पण नियम चुकला होता असं मी म्हणणार नाही. जो खर्च कंपनी अदृश्य म्हणत होती, तो दिसू लागताच ती टाळायला धावली, यावरून तो खरा होता हेच ठरतं.

रिकाम्या गाडीचा थोडा भार आपणा सगळ्यांवर पडतो तो रस्त्यावर. सॅन फ्रान्सिस्कोत २०१० ते २०१६ या काळात वाहतूक कोंडीत वाया जाणारे तास ६२ टक्क्यांनी वाढले. ॲपच्या गाड्या नसत्या तर ही वाढ २२ टक्के असती, असा एर्हार्ट आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे. बसमध्ये अडकलेला प्रवासी, ज्याने कधी ॲप उघडलंही नाही, तोही हे बिल भरतो.

आता चालकाविना चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत. वेमो या कंपनीची अशी सेवा २०२० मध्ये फीनिक्सच्या परिसरात सर्वांसाठी खुली झाली, २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, आणि २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये तीच गाडी उबरच्या ॲपवर येऊ लागली. या गाडीचं थांबणं चालकाच्या अंगावर टाकता येणार नाही. महागडी गाडी रिकामी उभी राहिली तर भुर्दंड मालकाचा, मग मालक कोणीही असो. त्यामुळे कोणताही शहाणा मालक गर्दीच्या वेळी पुरतील एवढ्या गाड्या घेणार नाही, दिवसभर भरलेल्या राहतील एवढ्याच घेईल. दिवसभराचं सलग, बेताचं काम यंत्राकडे जाईल, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला, पावसाला, सणाच्या रात्रीला माणूस बोलावला जाईल. आज चालकाचा दिवस सावरून धरतात त्या दुपारच्या साध्या फेऱ्या. त्या गेल्या की त्याच्या दिवसात गर्दीचे थोडे तास आणि मधलं सगळं थांबणं उरेल. न्यूयॉर्कच्या सूत्रात ५८ च्या जागी तेव्हा कोणता आकडा येईल, आणि त्यातला फरक यंत्राच्या मालकाने भरायचा की नाही, हे त्या गाड्या रस्त्यावर मूठभर आहेत तोवरच प्रत्येक शहराने ठरवायला हवं. एकदा चालकांची संख्या घटली की उपोषणाला बसायलाही पुरेशी माणसं उरणार नाहीत.